टुणुक टुणुक भोपळा: कागदाचा करावा की सावलीचा?

लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगून झाली की मुलांच्या हातात घरी करायला काय द्यायचं, हा प्रश्न बालवाडी किंवा बालवाचनालय चालवणाऱ्यांपुढे येतोच. बहुतेक वेळा निवड दोनांतून होते: फुग्यावर कागद चिकटवून केलेला पोकळ भोपळा, नाहीतर बुटांच्या खोक्यातलं सावल्यांचं नाटक. मी दोन्ही पाकिटं दिली आहेत आणि दोन्ही मुलांना आवडतात. पण पावसाळ्यात विचाराल, तर माझं मत खोक्याच्या बाजूने पडेल. कारण एकच, भोपळा वाळत नाही.

भोपळा उभा राहायला कागदाचे निदान तीन थर लागतात आणि एक थर खडखडीत वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नसतो. उन्हाळ्यात थराला साधारण एक दिवस पुरतो. दमट हवेत दोन-तीन दिवस जातात, तोवर खळ आंबते, वास सुटतो, कागदावर काळे ठिपके येतात. मग घरचे घाईने तो उन्हात ठेवतात आणि तिथेच काम बिघडतं. ऊन लागलं की फुग्यातली हवा पसरते आणि ओला कागद जोडांवर फाटतो. रात्री फुगा आकसला की कागद त्याच्यापासून सुटून सुरकुततो. पंख्याखाली टांगून वाळवणं हाच त्यातला बरा मार्ग. बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी असतो. मुलांचे हात लागणार तिथे तो अजिबात नको.

तरी भोपळाच करायचा असेल, तर एक वाटी मैदा आधी वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या तीन वाट्या पाण्यात ओता आणि चकाकी येईपर्यंत ढवळा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापलेली कड वर उचलली जाते, फाडलेली सपाट बसते. फुग्याच्या गाठीपासून सुरू करून आठ ठिकाणी उभा दोरा आवळला की भोपळ्याच्या फोडी उठून दिसतात. दुसरा थर पांढऱ्या कागदाचा दिला तर कुठे राहिलं ते मुलांना लगेच कळतं. शेवटी म्हातारीसाठी दार कापायचं, ते मात्र मोठ्या माणसाने, ब्लेडने.

खोक्याचं काम एका संध्याकाळी उरकतं. खोका लांब बाजूवर आडवा उभा करा. त्याच्या तळाला चहूबाजूंनी दोन बोटं कड सोडून खिडकी कापा आणि आतून बटर पेपर लावा. आधी वरची कड चिकटवा, मग खाली ताणा, म्हणजे सुरकुती पडत नाही. बटर पेपर नसेल तर साध्या पांढऱ्या कागदावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पण चिकटपट्टी आधी लावा, तेलावर ती धरत नाही. खालच्या बाजूला पडद्यालगत एक सेंटिमीटर रुंदीची लांब फट पाडा आणि खोका टेबलाच्या कडेबाहेर थोडा सरकवून वर वजन ठेवा. खराट्याच्या काड्यांवरची चित्रं त्या फटीतून वर येतात आणि हात खालीच राहतात. फट पडद्यापासून दूर गेली की चित्र कागदाला टेकत नाही, सावलीची कड पुसट होते. उजेड मागून, हातभर अंतरावरून, मोबाईलच्या टॉर्चचा. काही मोबाईलना दोन दिवे असतात, तेव्हा वाघाला दोन नाकं दिसतात. एका दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायची.

माझा कल इकडे झुकायला आणखी एक गोष्ट आहे. कार्डशीटच्या भोपळ्याचं पोट कापून तिथे नारिंगी जिलेटिन पेपर लावला आणि आत काळी म्हातारी चिकटवली, तर ती बघणाऱ्यांना दिसते आणि वाघाला दिसत नाही. ‘कशाची म्हातारी न कशाची कोतारी’ म्हणताना मुलं खिदळतात ती यामुळेच. कागदी भोपळा बाहेरून भरीव दिसतो, त्यात हे साधणं कठीण. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या रंगीत बाहुल्यांतून सावल्यांचा खेळ करत आले आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पाकिटात त्या बाहुल्यांचं एखादं चित्र घातलं तर आई-वडिलांनाही बघण्यासारखं काही मिळतं.

सावल्यांना अंधार लागतो, त्यामुळे दिवसा पडदे ओढावे लागतील. तीन-चार वर्षांच्या मुलांना वस्तू हातात हवी असते, त्यांना भोपळाच जास्त रमवेल. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कोरड्या हवेच्या गावी पाकीट जाणार असेल, तर भोपळ्याला माझी हरकत नाही. फक्त सोबत तयार खळ देऊ नका, ती दुसऱ्या दिवशी आंबते. कोरडा मैदा पुडीत बांधून द्या आणि फुगे दोन घाला, एक हमखास फुटतो.