मे महिन्यातली रानवाट: कान्हेरी, येऊर की कर्नाळा?

"उन्हाळ्यात जंगलात बघायचं काय, सगळं वाळलेलं तर असतं!" मे महिन्यात घरात रानात जायचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. बहावा आणि ताम्हण याच दिवसांत फुलतात, करवंदं काळी होतात, तांबट पक्ष्याची टुकटुक दिवसभर चालू असते. पानगळ झालेली असल्यामुळे एरवी नुसता आवाज देणारे पक्षी फांदीवर चक्क दिसतात. अडचण असते ती उन्हाची. म्हणून मुंबई-ठाण्याहून उन्हाळी वाट निवडताना मी किलोमीटर बघत नाही. सावली किती, पाणी कुठे आणि घरातून किती वाजता निघता येईल, एवढं बघते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता तिघांत सर्वांत सोयीचा. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून पायी गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांत मुख्य दरवाजा येतो. तिथून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी सडक आहे. पायाखाली दगडधोंडे नाहीत, वाट चुकायची भीती नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आतल्या बसने आधी वर जायचं, लेणी बघायची आणि परतीची वाट जमेल तेवढी पायी उतरायची. उलटं केलं तर पोचेपर्यंत मुलंही दमतात आणि ऊनही चढतं.

मला कान्हेरी उन्हाळ्यातच जास्त आवडते, त्याचं कारण तिथल्या पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. शंभराहून जास्त लेण्यांच्या या वसाहतीत बहुतेक विहारांपाशी पाण्याचं टाकं खोदलेलं आहे. पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून कातळात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाळ्यात सगळीकडूनच पाणी वाहत असतं, त्यामुळे ही योजना नीट कळत नाही. मे महिन्यात आजूबाजूचा डोंगर करपलेला असताना टाक्यात पाणी दिसतं, तेव्हा भिक्षूंना इथे बारा महिने राहता कसं आलं ते मुलांनाही समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचा व्हरांडा आणि तिथल्या दोन भव्य बुद्धमूर्ती सावलीत असल्यामुळे बसायलाही तीच जागा उत्तम.

पण काळा कातळ तापतो. अकरानंतर पायऱ्यांवरून चालणं म्हणजे तव्यावरून चालणं. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ बाहेर काढूच नका. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं असतं आणि सोमवारी सुट्टी. याच उद्यानातली शिलोंड्याची वाट कोणी सुचवली, तर ती पावसाळा सरल्यावर करा. तिचा जीव ओढ्यात आहे, आणि भर उन्हाळ्यात त्यात पाणी नसतं.

येऊर म्हणजे याच जंगलाची ठाण्याकडची बाजू. जंगल तेच असलं तरी अनुभव अगदी निराळा. इथे वास्तू नाही, दाखवण्यासारखं एखादं ठिकाण नाही. ज्याला थांबून ऐकायचा कंटाळा नाही, त्याने येऊर निवडावं. हळद्या, कोतवाल, नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. मेच्या शेवटी नवरंगाची दोन सुरांची शीळ सुरू होते, आणि पावश्याही ओरडू लागतो. उजाडताच चालायला लागून साडेआठपर्यंत परत फिरायचं. त्यानंतर पक्षीही गप्प होतात. हा बिबट्यांचा मुलूख आहे, म्हणून संध्याकाळची फेरी नकोच. आत शिरण्याआधी वनखात्याच्या चौकीवर विचारा, पाड्यांच्या अंगणातून जाताना आवाज कमी ठेवा. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी गाड्यांची इतकी वर्दळ असते की पहाटे उठल्याचं चीज होत नाही.

कर्नाळा लांब आहे. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावर साधारण बारा किलोमीटर. 1968 साली अभयारण्य झालेलं हे जंगल क्षेत्रफळाने जेमतेम 12 चौरस किलोमीटर, पण तिघांत दाट सावली इथेच. महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे सुरुवातीला हॉर्न ऐकू येतात. थोडं आत गेलं की ते मागे पडतात. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून आम्ही हरियाल वाटेवर जातो. मोरटाका वाट त्या मानाने मोठी. आणि किल्ला? अंगठ्यासारखा तो सुळका खालून खुणावतो खरा, पण मे महिन्यात त्याचा मोह धरू नका. एका वर्षी आम्ही नऊ वाजून गेल्यावर चढायला लागलो. बरोबरच्या मुलीला गरगरलं, पाणी संपत आलं होतं, अर्ध्यातून उतरलो. ही सोपी वाट नव्हे. स्वतःची गाडी नसेल तर परतीच्या एसटीसाठी महामार्गावर उन्हात उभं राहावं लागतं, तेही आधी लक्षात घ्या.

तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील आणि गाडी असेल तर कर्नाळा. लोकलने जायचं असेल आणि मुलांचा हात धरायचा असेल तर कान्हेरी. एकट्याने किंवा एखाद्या मुकाट चालणाऱ्या मैत्रिणीबरोबर जायचं असेल तर येऊर. मला एकच सकाळ मिळाली तर मी येऊर घेईन, पण मे संपेपर्यंतच. जूनच्या सरी आल्या की कर्नाळ्याच्या ओढ्यांवर तिबोटी खंड्या येतो. रायगडचा हा जिल्हा पक्षी चिमणीएवढाच, पण जांभळा, केशरी, निळा असा रंगांचा नुसता ठिणगा. तो आल्यावर मग पनवेलची गाडी.