क्लायमेट एक्स्प्लोरर: मुंबईचा पाऊस घालून पाहिल्यावर

मुंबई तुंबली की "हा हवामानबदलच" आणि "आधी काय पाऊस पडत नव्हता?" अशी दोन टोकं ऐकू येतात. दोन्हींना आकड्यांत उत्तर द्यायचं असेल, तर डच हवामान संस्थेचं क्लायमेट एक्स्प्लोरर जरूर वापरा. खेर्ट यान फान ओल्डेनबोर्ख यांनी उभारलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे आणि प्रोग्रामिंगही लागत नाही.

सांताक्रूझची रोजच्या पावसाची मालिका चढवा, दर पावसाळ्यातला सर्वांत मोठा एकदिवसीय आकडा काढा आणि त्यावर जीईव्ही वितरण (टोकाच्या घटना किती दुर्मिळ आहेत ते सांगणारं संख्याशास्त्रीय सूत्र) बसवा. सोबत जागतिक सरासरी तापमान द्या, पण चार वर्षांच्या सरासरीने गुळगुळीत केलेलं. नाहीतर एल निनोचे चढउतारही हिशेबात शिरतात. पावसाला ‘स्केल’ (सगळे आकडे ठरावीक पटीने वाढवणारा) हा पर्याय लावा, ‘शिफ्ट’ (सगळे आकडे सारखेच सरकवणारा) तापमानासाठी ठेवा. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे वाढ टक्क्यांच्या हिशेबाने होते. मग जुनं आणि आजचं अशी दोन वर्षं दिली, की तुम्ही तपासत असलेल्या घटनेएवढाच पाऊस तेव्हा आणि आता किती वर्षांतून एकदा येतो ते कळतं. जुन्या आकड्याला आजच्याने भागलं, की शक्यता किती पटीने बदलली ते निघतं.

चुका होतात त्या मालिकेत. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून २६ जुलै २००५ चा ९४४ मिमी पाऊस २७ तारखेखाली सापडतो. नोंद नसलेल्या दिवशी शून्य भरू नका. जुलैच गायब असेल तर ते वर्षच गाळा, कारण त्याचा ‘सर्वांत मोठा’ आकडा खोटा असतो. २००५ चा अभ्यास करताना २००५ ला गणितातून बाहेर ठेवा, तशी सोय इथे आहे. २६ जुलैच्या त्या दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी पडला होता! एका केंद्रावरून ‘मुंबई’ बोलायचं नाही, हे त्यावरूनच कळावं. हवामान खात्याची पाव अंशाची जाळी-विदा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा सरासरी पाऊस) १९०१ पासूनची आहे, तीही चालवून पाहा. मात्र सरासरीत शिखर बोथट होतं.

मांडणी जुनाट आहे, पहिल्यांदा गोंधळायला होतं. पण उत्तरासोबत ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरं उत्तर साधारण कोणत्या दोन आकड्यांमध्ये असेल ते) मिळते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. त्या पटीची खालची मर्यादा १ पेक्षा कमी असेल, म्हणजे शक्यता घटलीही असू शकेल, तर "इतक्या पटीने वाढलं" असं छापू नका. आणि माणसाचा हात दाखवायला नुसत्या नोंदी पुरत नाहीत. हीच आकडेमोड हवामान प्रारूपांवरही (संगणकावरच्या क्लायमेट मॉडेल्सवर) करावी लागते.