गिम्प की क्रिता: प्लगइन बसवायची वेळ येते तेव्हा

गिम्प आणि क्रिता ही फोटो सुधारायची आणि चित्रं काढायची सॉफ्टवेअर. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्तस्रोत, आणि कशात काय करता येतं हे तुम्ही एव्हाना वाचलंच असेल. मी दोन्ही वापरतो. पण बाहेरचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, किती सहज बसतं, हे निवडताना फारसं कुणी बघत नाही आणि माझा कल ठरला तो नेमका त्यावरूनच.

गिम्पमध्ये प्रेफरन्सेसमधून प्लगइनच्या फोल्डरचा पत्ता शोधायचा, फाइल मॅनेजरने तिथे जायचं आणि फाइल ठेवायची. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून प्रत्येक प्लगइनला स्वतःचं फोल्डर लागतं. फाइल 'बॉर्डर.पाय' असेल तर फोल्डरचं नाव 'बॉर्डर'च हवं. लिनक्सवर फाइलला एक्झिक्युटची परवानगीही द्यावी लागते. मग रीस्टार्ट.

एवढ्याची सवय होते. मला खटकतं ते पुढचंच. यातलं काही राहिलं, तर खिडकीत चकार शब्द उमटत नाही. मेनूत प्लगइन दिसत नाही, बस. फोल्डरचं नाव चुकलं, परवानगी राहिली, की प्लगइनच जुन्या २.१० आवृत्तीच्या काळातलं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या २ आवृत्तीत लिहिलेलं आहे? तिन्हींचं लक्षण एकच. गिम्प टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) सुरू केलं तर काही वेळा धागा सापडतो, पण ज्याला फक्त फोटोची किनार सुधारायची आहे त्याने टर्मिनल का उघडावं?

क्रितात पायथन प्लगइनची सोय २०१८ च्या ४.० पासून आहे. टूल्स मेनूतल्या स्क्रिप्ट्समध्ये जाऊन डाउनलोड केलेली झिप फाइल दाखवायची. ती उलगडून योग्य जागी ठेवायचं काम क्रिता करते आणि प्लगइन चालू करायचं का, हेही विचारते. रीस्टार्ट इथेही चुकत नाही. पण प्लगइन बिघडलेलं असेल तर प्लगइन मॅनेजरच्या यादीत ते करड्या रंगात दिसतं आणि माउस वर नेला की कारणही कळतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक या एका ओळीचा आहे. कारण कळलं की पुढे काय करायचं ते आपलं आपल्याला सुचतं.

गिम्पची बाजूही भक्कम आहे. फोटोतली नको असलेली वस्तू पुसायला रिसिन्थेसायझर हे प्लगइन हवंच असेल, तर थोडी खटपट करून गिम्पच घ्या. एक्स्टेन्शन, म्हणजे अशा जोडण्या, एकाच फाइलमधून बसवता यावं म्हणून तिथे पायाभरणीही झाली आहे. जी'मिक या फिल्टरांच्या संचासाठी मात्र गिम्पकडे वळायची गरज नाही, ते क्रितासोबतच येतं. अँड्रॉइडवर काम करणार असाल तर क्रिताची पायथन प्लगइन तिथे चालत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

तुमचं काम वेगळं असेल, तर उत्तरही कदाचित वेगळं येईल. पण वरचेवर नवी प्लगइन आजमावून बघायची हौस असेल, तर मी आधी क्रिता बसवायला सांगेन.