‘फक्त जोडणी उरलीय’ म्हणणाऱ्याकडून अर्धवट एमजीबी घेऊ नका

६,८०० पौंड मोजले, ट्रेलरचं भाडं २८० वेगळं. पदरात पडलं काय, तर १९७२ च्या एमजीबी रोडस्टरचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारचा, वाकडा सांगाडा आणि सुट्या भागांची खोकी. इथे इंग्लंडात आपल्यातल्या बऱ्याच जणांना जुन्या गाड्या उभ्या करायचा नाद आहे, म्हणून लाज गिळून लिहितोय.

विकणाऱ्याचा हिशोब असा: तयार गाडी १४,००० ला जाते, माझे ९,१०० गेलेत, ह्या पावत्या. पावत्या खऱ्याच होत्या. पण त्याने किती उधळले याच्याशी आपल्याला काय करायचंय? तयार गाडीच्या भावातून उरलेलं काम वजा करा, तेही गॅरेजच्या मजुरीने. खोक्यात नसलेले भागही वजा करा. मला हे येत नव्हतं असं नाही, एक मिजेट, एमजीचीच छोटी गाडी, मी स्वतः उभी केलीय.

आणि ते दार! मागची कड वर घासत होती, खाली बोट जाईल एवढी फट. मी विचारलंसुद्धा. म्हणाला, "बिजागरी सैल आहे, शेवटी ॲडजस्ट होते." रोडस्टरला छप्पर नाही, सगळी मदार सिलवर, म्हणजे दाराखालच्या लोखंडी पट्टीवर. सिल कापताना दाराच्या चौकटीला आडवा आधार दिला नाही की बॉडी मधोमध खचते. हे पाठ असलेला माणूस मी, आणि बिजागरीवर विश्वास ठेवला! पाऊस होता, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणत होता, कोण तिथे वाकून सिलवर चुंबक फिरवणार? तुम्ही फिरवा. घरी फिरवला तर चिकटेचना, नुसती पुट्टी. वेल्डरने ८,६५० सांगितलेत. खोक्यातला क्रॉसमेंबर, म्हणजे पुढच्या चाकांचा आडवा दांडा, तर माझ्या गाडीचा नव्हेच, १९७४ नंतरच्या, दीड इंच उंच केलेल्या रबर बंपरवाल्या गाडीचा.

पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, नंबर दिला, मग कळवलं: दिवाणी बाब. ग्राहक हेल्पलाइन म्हणते, खासगी विक्रेता आहे, दुकानदार नाही, आमच्यात बसत नाही. अहो, ताडपत्रीखाली आणखी चार अर्धवट गाड्या ठेवणारा खासगी? तर म्हणे पुरावा आणा. पुरावा मी आणायचा, तपास मी करायचा, मग तुम्ही पगार कशाचा घेता?

जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधी काढा, त्याने ती दुसऱ्याच दिवशी उडवली. लॉगबुकवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं, नाव म्हणजे मालकी नव्हे, तसं त्यावरच छापलेलं असतं.

१०,००० पौंडांपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात चालतो. ४५५ पौंड फी भरून लावलाय. ‘वेल्डिंग पूर्ण’ हा त्याचा मेसेज जोडलाय, बाकी सगळं तो फोनवर बोलला. फोनवर ठरवू नका, लिहून घ्या.