‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ : पुण्याच्या आसपास शेतजमीन घेताना होणारी फसवणूक

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागा, नाहीतर खडकवासल्यावरून पानशेतकडे वळा. फलक सगळीकडे तेच: ११ गुंठे, फार्महाऊस प्लॉट, धरणाचा व्ह्यू, सातबारा नावावर. फोन लावला की दुसऱ्या वाक्याला विचारणा होते, "साहेब, शेतकरी आहात का?" नाही म्हटलं तरी समोरचा फोन ठेवत नाही. "टेन्शन घेऊ नका, शेतकरी असल्याच्या दाखल्याचं आम्ही बघतो." जमीन अजून पाहिलेलीही नसते, पण फसवणूक इथेच सुरू झालेली असते.

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. त्यातल्या कलम ६३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. नुसती विक्रीच नव्हे, तर बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा आणि ताबेगहाणही (कर्जापोटी जमिनीचा ताबा देणं) त्यात येतं. म्हणून "९९ वर्षांच्या लीजवर घ्या, खरेदीपेक्षा सोपं" हा सल्ला निव्वळ थाप आहे.

दाखल्याचं ‘बघणं’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे बनावट सातबारा. दूरच्या एखाद्या तालुक्यातला उतारा घ्यायचा, संगणकावर त्यात तुमचं नाव घालायचं आणि रंगीत प्रिंट जोडायची. त्याहून चलाख प्रकार साखळीचा. आधी लांबच्या गावात चार-पाच गुंठ्यांत तुमचं नाव घुसवतात. कधी कुणा अनोळखी खातेदाराच्या मृत्युपत्राने, कधी वारस नोंदीत भलताच ‘पुतण्या’ म्हणून. त्या गावचा सातबारा खरा निघतो, ऑनलाइनही दिसतो, आणि तोच शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून मुळशीच्या खरेदीखताला जोडला जातो. पण पहिली कडी खोटी असेल तर तिच्यावर टांगलेली दुसरी आपोआप खाली येते. मृत्युपत्राची पळवाट तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात बंद केली. तिथेही हाच १९४८चा कायदा होता, आणि बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने शेतजमीन देणंही कलम ६३च्या आड येतं असं न्यायालयाने ठरवलं.

तिसरा प्रकार ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर खरेदी करून त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घेण्याचा. पैसे तुमचे आणि नाव त्याचं, म्हणजे बेनामी व्यवहार. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. शिवाय तो शेतकरी वारला की मुखत्यारपत्र साधारणपणे संपतं आणि दारात त्याचे वारस उभे राहतात.

आता खरेदीखतातलं एक वाक्य काढून वाचा. ‘लिहून घेणार हे शेतकरी असून त्यांनी त्याबाबतचा पुरावा सोबत जोडला आहे’ असं काहीतरी तिथे असतं आणि खाली सही तुमची असते. एजंटचं नाव त्या दस्तात कुठेच नसतं, फार तर साक्षीदार म्हणून त्याचा पोऱ्या. खोटा पुरावा तुम्ही वापरला, प्रतिज्ञापत्र तुम्ही केलं. त्यामुळे पुढे पोलिसांत जायची वेळ आली की फिर्यादी व्हायच्या आधी आरोपी होण्याची भीती वाटते. ही फसवणूक टिकते ती याच भीतीवर. एजंटला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पळूनही जात नाही. फोन उचलतो आणि "जरा थांबा" म्हणतो.

दस्त नोंदला गेला म्हणजे काम फत्ते, हा दुसरा गैरसमज. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. खरी चाचणी फेरफाराला, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याच्या नोंदीला होते. नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. शेतकरी पुरावा बोगस म्हणून इथे नोंद रद्द झाली, तर मुद्रांक शुल्क भरलेलं, विकणाऱ्याचे पैसे पोचते झालेले आणि सातबारावर नाव मात्र जुन्याचंच. नोंद प्रमाणित झाली तरी निर्धास्त होऊ नका. त्याच १९४८च्या कायद्याच्या कलम ८४-क खाली तहसीलदार चौकशी करून व्यवहार अवैध ठरवू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तक्रार बहुधा सरकारी खात्यातून येत नाही. ती करतो विकणाऱ्याचा भाऊ, बांधालगतचा शेजारी, आणि भाव चढले की कधी कधी खुद्द विकणारा.

११ गुंठ्यांचं गणितही पाहून ठेवा. तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे रोखणाऱ्या कायद्याच्या २०२३च्या अधिसूचनेप्रमाणे तुकड्याचं किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. फलकावरचे ११ गुंठे बसतात ते जमीन बागायत असेल तरच. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची कितीतरी जमीन जिरायत किंवा वरकस (भरड, हलक्या प्रतीची) आहे. मग तीन-चार जणांच्या नावे सामाईक खरेदी होते, जागेवर तारेचं कुंपण पडतं, पण सातबारावर सगळे एकत्रच असतात. पुढे कर्ज काढताना किंवा विकताना प्रत्येक सहधारकाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. तुकडेबंदीत सवलत मिळाल्याच्या बातमीचं कात्रण दाखवून एजंट "आता सगळं मोकळं झालं" म्हणतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा, कलम ६३ १९४८च्या कायद्यातलं. एकातली सवलत दुसऱ्याला चालत नाही.

इसारापोटी रुपयाही देण्याआधी डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून स्वतः काढा. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ धरू नका. भोगवटादार वर्ग १ (विक्रीवर सरकारी बंधन नसलेला) आहे की २ (बंधन असलेला) ते पाहा. नावापुढे फेरफार क्रमांक असतो, तो फेरफार काढून वाचा. इतर हक्काच्या रकान्यात कुळ, वतन, पुनर्वसनासाठी राखीव, कलम ४३ला पात्र (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन) अशा शेऱ्यांपैकी काही असेल तर तिथेच थांबून वकील गाठा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारं महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं.

तुमच्या घरात मुळात शेती होती का, हेही आधी शोधा. वडिलांच्या, आजोबांच्या नावावर सातबारा असेल आणि वारस नोंद राहून गेली असेल, तर ती करून घेणं हा सरळ मार्ग आहे. त्याला एजंट लागत नाही. काहीच नसेल तर झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा दाखला मागवा. महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीतल्या आणि प्रादेशिक योजनेत रहिवासी, वाणिज्य किंवा औद्योगिक वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला २०१६च्या दुरुस्तीने कलम ६३ मधून सूट आहे, पण घेतलेली जमीन ठरलेल्या मुदतीत त्या वापरात आणावी लागते. नाहीतर रीतसर एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट बघा, आणि एनएचा आदेश मूळ प्रतीवरून ताडून घ्या. ‘एनए प्रस्तावित’ लिहिलेला नकाशा म्हणजे आदेश नव्हे.

व्यवहार आधीच झाला असेल, तर एजंटच्या सांगण्यावरून नवं प्रतिज्ञापत्र किंवा चूकदुरुस्ती लेख करायला जाऊ नका. पैसे दिल्याचे बँकेचे पुरावे, एजंटचे मेसेज आणि जाहिरात जपून ठेवा, महसुली आणि फौजदारी दोन्ही बाजू पाहणारा वकील गाठा आणि तहसीलदाराची नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी लागतो.