मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न : घरी नऊ महिने वापरल्यानंतर

आधी मुद्द्याचं सांगते. घरी खेळणी आणि छोटी उपकरणं दुरुस्त करायची असतील, तर पहिले पैसे मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजणारं आणि वायर तुटली आहे का ते दाखवणारं यंत्र) घाला; सोल्डरिंग आयर्न (डाख द्यायची तापणारी सळई) नंतर. या नऊ महिन्यांत माझ्या टेबलावर आलेल्या निम्म्याहून अधिक वस्तू आतून धडधाकट होत्या. कुठे वायर सुटलेली, कुठे सेलचा पत्रा गंजलेला, कुठे स्विचचा कॉन्टॅक्ट गेलेला. ही खोट नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा दिसत नाही. मीटर ती दाखवतं.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. गेल्या जूनमध्ये धाकटीचा सोंड हलवून गाणारा हत्ती मुका झाला. बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, ‘ताई, नवीनच घ्या.’ तिला नवीन नको होता, हाच हवा होता. म्हणून स्टेशनजवळून सामान आणलं : डीटी-८३०डी प्रकारचं साधं मीटर, २५ वॉटचं आयर्न, सोल्डरची (डाख देण्याच्या मिश्रधातूची) वायर आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट. सगळं मिळून हजाराच्या आत बसलं.

हत्तीच्या पोटाला पाच स्क्रू दिसत होते. पाचही काढले तरी तो उघडेना. मग स्टिकरवरून अंगठा दाबत गेले तेव्हा एका जागी खड्डा लागला. सहावा स्क्रू तिथे होता. उघडत नाही म्हणून जोर लावायचा नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं, कारण प्लास्टिकच्या खिट्ट्या एकदा तुटल्या की मग खेळणं नीट मिटत नाही. आत पाहिलं तर सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. उतरलेले सेल तसेच राहिले की गळतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गंज लवकर चढतो. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, ते अल्कधर्मी. त्यावर कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलं की सुटतं. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिला लिंबाचा उपयोग नाही, ओल्या कपड्याने पुसून पॉलिश पेपर मारायचा. दोन्ही वेळा हातमोजे घालायचे आणि शेवटी जागा कोरडी करायची.

मग मीटर बझरवर ठेवलं, म्हणजे दोन टोकांमधली वाट सलग असेल तर ते वाजतं. एक टोक स्प्रिंगला, दुसरं काळी वायर जिथे सर्किटला जाते तिथे. आवाज नाही. लाल वायरीच्या दोन्ही टोकांना लावलं तर लगेच ‘पीं’. म्हणजे खोट काळ्या वायरीत. हलकेच ओढली तर ती स्प्रिंगपासून अलगद हातात आली. गंजाने तांब्याचे तंतू खाल्ले होते. धाकटी शेजारीच बसली होती, ‘आई, त्याला दुखतंय का?’ विचारत.

आयर्न काढायच्या आधी मी तिला आतल्या खोलीत पाठवलं, आणि हे मनापासून सांगते की लहान मूल घरात असेल तर हे करायलाच हवं. नेहमीच्या ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. जेवणाच्या टेबलावर हे काम नाही, मध्ये खाणंपिणं नाही, खिडकी उघडी ठेवायची आणि झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

आयर्नच्या टोकावर मी सोल्डरचा पातळ थर चढवला, तो सासूबाईंनी पाहिला. म्हणाल्या, ‘अगं, ही तर कल्हईच!’ अगदी बरोबर. कल्हईवाला तापल्या भांड्याला नवसागर लावून कथील फिरवायचा; इथेही कथीलच आहे, शिसं मिसळलेलं, आणि नवसागराच्या जागी सोल्डरच्या वायरीच्या पोटात राळ भरलेली असते. फक्त नवसागर इलेक्ट्रॉनिक्सला वापरू नका, त्याने जोड पुढे गंजतो. हे सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापायचं नाही. आधी जोड तापवायचा आणि सोल्डर जोडाला टेकवायचं. नीट बसलेला डाख गुळगुळीत, चकचकीत दिसतो आणि कडेने पसरतो. मणी होऊन वर बसला तर तो धरलेला नाही. माझे पहिले दोन असेच मण्यासारखे झाले, तिसरा धरला. हत्ती गायला लागला आणि आजही गातो आहे.

आता मीटरच्या तक्रारी. यात आपोआप बंद व्हायची सोय नाही, त्यामुळे आतली ९ व्होल्टची बॅटरी विसरून विसरून संपते. खरा त्रास त्यापुढे आहे : बॅटरी उतरली की हे मीटर आकडे वाढवून दाखवतं. ऑक्टोबरमध्ये भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मीटरवर दीड व्होल्ट दिसला, म्हणून सेल चांगला धरून मी दोन संध्याकाळी घड्याळच उघडून बसले. शेवटी पाकिटातला कोरा सेल मोजला, तर तो १.९! नवा अल्कलाइन सेल साधारण १.६ व्होल्टच्या आसपास असतो. मीटरची बॅटरी बदलली आणि घड्याळाचा सेल मेलेला निघाला. तेव्हापासून कामाला बसताना आधी एक कोरा सेल मोजते. मीटरसोबत आलेल्या वायरीही सुमार, चौथ्या महिन्यात पिनेपाशी तुटल्या. चांगल्या वेगळ्या घ्या. आणि १० अँपिअरच्या भोकात लाल पिन ठेवून कधीही व्होल्टेज मोजू नका. तिथे बहुतेक स्वस्त मीटरना फ्यूज नसतो, सरळ शॉर्ट होतं. घरातल्या चालू २३० व्होल्टवर मी हे मीटर लावतच नाही.

बाकी कामं भराभर झाली. इस्त्रीची वायर हँडलपाशी आतून तुटली होती. प्लग काढून, बझर लावून, वायर वाकवत गेल्यावर कळलं. मिक्सरमध्ये ठिणग्या उडत होत्या, मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते, जोडीने बदलले. रिमोट तपासायला तर मीटरही लागत नाही, फोनच्या कॅमेऱ्यात पुढचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. मोटार घुंई करते पण खेळण्यातली गाडी हलत नाही, असं झालं तर मोटारीच्या दांड्यावरचा चिमुकला गिअर बघा, तो बऱ्याचदा उभा चिरलेला असतो. चिकटवून दोन दिवस टिकला, म्हणून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, दात मोजून आणि २ मिमी दांड्याचा बघून नवा आणला.

चिकटवण्यात माझा अनुभव संमिश्र आहे. कडक चकचकीत प्लास्टिकवर फेव्हीक्विक धरतं. पण खाली त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद धरत नाही, तिथे बारीक भोकं पाडून तार ओवते.

काही वस्तूंना मी हात लावत नाही. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी उघडायची नाही. सर्किटवर काळा थेंब ओतलेली चिप गेली असेल, तर ते खेळणं घरी सुधारत नाही. विजेवर चालणारी खेळणीही १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार ई-कचरा आहेत, म्हणून ती मी ओल्या-सुक्यात न टाकता वेगळी देते. बटण सेलचं खेळणं मात्र झाकणाला स्क्रू लावल्याशिवाय मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

आयर्न ठीक आहे. बारीक कामाला पुरतं, मिक्सरच्या जाड वायरीला कमी पडतं. पुढच्या महिन्यात पुन्हा लॅमिंग्टन रोडला जायचं आहे : जुनं सोल्डर ओढून घ्यायचा पंप, आयर्नचं एक जाड टोक, आणि यादीत सगळ्यात वर ९ व्होल्टची बॅटरी.