डाव्या स्तनाचे रेडिएशन श्वास रोखून घेताना : काही महिन्यांनंतरचा अनुभव

डाव्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मला 'डीआयबीएच' पद्धतीने, म्हणजे खोल श्वास रोखून, रेडिएशन देण्यात आले. खोल श्वासाने फुप्फुसे फुगतात, श्वासपटल खाली सरकते आणि छातीच्या भिंतीलगतचे हृदय मागे व खाली जाते, त्यामुळे तिरक्या किरणांच्या वाटेत ते कमी येते. याची गरज का, हे संशोधक सारा डार्बी यांच्या 2013 च्या अभ्यासावरून कळते : स्वीडन व डेन्मार्कमधील रुग्णांत हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) गंभीर हृदयविकाराचे प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढले होते आणि ज्या डोसखाली धोका नाही अशी मर्यादा आढळली नव्हती.

प्रत्यक्षात सगळा भार सरावावर असतो. पोटावर एक छोटी पेटी ठेवतात, कॅमेरा तिची हालचाल टिपतो आणि पडद्यावरची रेघ ठरलेल्या पट्टीत साधारण वीस सेकंद टिकवायची असते. सुरुवातीला बऱ्याच जणी श्वास न भरता पाठ उचलून छाती वर करतात. तंत्रज्ञ मुलीने माझ्या पाठीखाली हात सरकवून तो फरक लगेच दाखवला. मध्येच खोकला आला तर काय, ही धास्ती मात्र अनाठायी निघाली, कारण रेघ पट्टीबाहेर गेली की किरण आपोआप थांबतात. खरा त्रास झाला तो हात डोक्यावर ठेवून पडून राहण्याचा. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर खांद्याचे व्यायाम आधीपासूनच करावेत.

आता त्वचा निवळली आहे, थकवाही गेला आहे. हृदय वाचले का, हे रुग्णाला जाणवण्यासारखे नसतेच, कारण हा धोका पुढची वीस-वीस वर्षे रेंगाळतो. म्हणून माझे मत आकड्यांवर बेतलेले आहे : साध्या श्वासाचा आणि रोखलेल्या श्वासाचा असे दोन्ही सीटी स्कॅन डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा हृदयाचा सरासरी डोस निम्म्याहून खाली आलेला दिसला. प्रत्येकीच्या शरीररचनेत एवढा फरक पडेलच असे नाही, शिवाय काहींना श्वास इतका वेळ रोखता येत नाही. अशा वेळी पालथे झोपवून उपचार करण्याचा पर्यायही काही ठिकाणी असतो.

नियोजनाच्या सीटीआधीच श्वास रोखून उपचाराची सोय आहे का, हे विचारावे; एकदा साध्या श्वासावर आराखडा तयार झाला की पद्धत बदलण्यासाठी तो स्कॅन पुन्हा करावा लागतो.